स्कूटरचं दावं

बैल विकला तरी त्याचं दावं द्यायचं नसतं, हे जयवंताला कुणी शिकवलं नव्हतं. रोहण्याला, तिच्या माहेरी, बाप बाजारात सौदा झाला की बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून घ्यायचा आणि गिऱ्हाइकानं आणलेल्या नव्या दोराची गाठ स्वतःच्या हातानं मारायचा. जुनं दावं गोठ्याच्या खुंटीला परत यायचं. ते अडकवताना माय त्याला हात लावायची आणि तो हात कपाळाला न्यायची. जनावर गेलं तरी त्याची बरकत घरी राहावी, इतकाच त्याचा अर्थ. तो कुणी बोलून दाखवत नसे.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर पिपरी मेघ्यातल्या तिच्या दारातली स्कूटर विकायची ठरली, तेव्हा तिचंही काही घरात राहावं असं जयवंताला वाटलं. स्कूटर जुनी, गिअरची, फिकट निळ्या रंगाची. सव्वीस वर्षं ती दारात उभी होती आणि सव्वीस वर्षं जयवंता तिच्यावर मागे, एका बाजूला पाय सोडून बसली होती. आता नवऱ्याच्या, बापूराव इखारांच्या, गुडघ्याला किक झेपत नव्हती. पुण्याच्या मुलानं, रजतनं, बॅटरीवर चालणारी नवी गाडी पाठवून दिली. जुनीला गिऱ्हाईक मिळालं.

पण स्कूटरला दावं नसतं. किल्ली द्यावीच लागते, कागद द्यावेच लागतात. विक्रीच्या आदल्या दिवशी बापूरावांनी लेक सासरी पाठवावी तशी तयारी चालवली होती. इंजिनावरचं झाकण काढलं, आतलं सगळं घासलं, सुटे पत्रे काळ्या रंगानं रंगवून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत मांडले. त्यात एक वाकवलेला पत्रा होता, तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखा. एका अंगानं गोल, दुसऱ्या अंगानं उघडा. बाहेरच्या झाकणाखाली तो झाकलाच जाणार. म्हणजे शोभेचाही नाही, असा जयवंतानं हिशोब केला आणि संध्याकाळी तो उचलला. रंग ओला होता. अंगठा उमटला. तिनं पत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर पेटीमागे सरकवून दिला.

सकाळी बापूराव भिंतीपाशी उभे.

"अवं, इथला टोप कुठं गेला?"

"कायचा टोप?"

"इंजिनाचा. काळा. कुंचीसारखा होता पाह्य."

"मले काय माहीत? कुत्र्यानं नेला असन."

"कुत्रा टोप नेते?"

"मांगं तुमचा चष्मा नाई का नेला?"

कुत्र्यानं चष्मा नेला होता, हे खरंच होतं. बापूराव तिच्याकडे पाहत क्षणभर उभे राहिले आणि मग उरलेले पत्रे बसवायला गेले.

गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई पाहून जयवंता दारातच थबकली. तिला वाटलं होतं, कुणी दूधवाला नाहीतर भंगारवाला असेल. या होत्या अनुसयाबाई. बोरगाव मेघ्याला राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. उंच बांधा, करडी वेणी, पायात कॅनव्हासचे बूट. नोकरीत असताना अशाच स्कूटरवर त्यांनी खेडोपाडी फिरून पोरांना लसी टोचल्या होत्या आणि बिनगिअरच्या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि एका किकमध्ये गाडी चालू केली. एका किकमध्ये! बापूरावांनाही हिवाळ्यात चार लागायच्या.

"वा सिस्टर," बापूराव म्हणाले. जयवंताच्या स्वयंपाकाला त्यांनी शेवटचं 'वा' कधी म्हटलं होतं, ते तिला आठवेना.

"जाता कुठं एवढी गाडी घेऊन?" तिनं विचारलं.

"रोहण्याले. भाऊ वारला माया, त्याचं वावर मीच पाह्यतो. आठवड्याले एक चक्कर."

"रोहणा मायं माहेर हाये."

"हो का? मंग चला की कधी. मांगं बसून जाऊ."

अनुसयाबाईंनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण जयवंताला ते गालावर चापट बसावी तसं लागलं. तिची गाडी, तिचं माहेर, आणि मागे बसायचं आमंत्रण दुसऱ्या बाईकडून.

पहिला फोन आठच दिवसांनी आला. पुलगावच्या पुढे गाडी तापली, दम सोडल्यासारखी झाली आणि बंद पडली. अर्धा तास बाभळीखाली बसावं लागलं. बापूराव पाने-पेचकसाची पिशवी घेऊन बोरगावला गेले. रविवार होता. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्या मॉडेलचा टोप आता वर्ध्यात मिळत नाही, नागपूरलाही नाही, म्हणून तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून त्यांनी एक टोप घडवला. तो नीट बसेना. एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं उचलायचा. मग तिसरा रविवार, चौथा. संक्रांत आली तोवर रविवार हा वारच बोरगावचा झाला होता.

नव्या बॅटरीच्या गाडीचा जयवंताला पहिला राग याच दिवसांत आला. जुनी स्कूटर कोपऱ्यावर वळली की घरात कळायचं. आवाज ऐकून ती कुकरखालचा गॅस बंद करायची आणि ताट घ्यायची. ही गाडी मांजरासारखी. माणूस गेला कधी, आला कधी, पत्ता नाही. ती शेगडीपाशी वळून पाहायची तर बापूराव ओट्यावर बसलेले असायचे, हात धुऊन, विचारात.

आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

"इंजिन खोलाले कोणी इस्त्रीचा शर्ट घालते का?" तिनं एकदा विचारलं.

"जुना नेतो ना पिशवीत. तिथी बदलतो."

"म्हंजे तिथी शर्ट बदलता तुमी?"

"अवं, मोरीत."

"मोरी तुमाले दाखवून देली त्याइनं!"

बापूराव हसले. तिला हसू आलं नाही. ते परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला पेट्रोलचा वास असायचा, तो ओळखीचा होता. पण तोंडाला वेलचीचा वास असायचा. घरी ते चहात वेलची घालू देत नसत. दाताखाली येते म्हणायचे.

आणखी एक गोष्ट तिनं मनात जपून ठेवली होती. अनुसयाबाई त्यांना भाऊ म्हणत नसत. गावातली कुठलीही बाई त्यांना बापूभाऊच म्हणायची. या म्हणायच्या, "इखारजी". फोनवर आवाज बाहेर यायचा. "इखारजी, आज लय तापली जी." त्या शेवटच्या 'जी'वर जयवंताची सकाळ नासून जायची.

"काय तापते एवढी?" तिनं न राहवून विचारलं. "पाणी टाका ना तिच्यावर."

बापूराव खरोखर दचकले. "बाप्पा! तापलेल्या इंजिनावर पाणी टाकते का कोणी? तडकून जाईन. पाण्यानं थंड होणारं इंजिन नाई ते, हवेनं होते."

"मंग घाला जाऊन वारा. पंखा न्या घरचा."

"पंखा आतच हाये तिच्या," ते म्हणाले आणि पुढे सांगू लागले. प्लगचं तोंड पांढरं पडलं की ती आतून भाजते आहे असं समजायचं, विटकरी असलं की ठीक. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं तरी तापते, जास्त झालं तरी सायलेन्सर भरतो. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. जयवंता ऐकत नव्हती. ती त्या उजेडाकडे पाहत होती.

मार्चमध्ये एका रविवारी ती म्हणाली, "मी बी येतो." बापूराव म्हणाले, "चाल ना." इतक्या सहज म्हणाले, की तिची अर्धी तयारी वाया गेली.

अनुसयाबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे टिनाचं छप्पर, छपराखाली स्कूटर. खाली पोत्याची गादी. आणि भिंतीला, खिळ्याला, दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी असतो तसा एक तक्ता. जयवंता जवळ गेली. तारीख, कुठवर गेली, कुठं तापली, किती वेळात उतरली, प्लगचा रंग.

"पेशंट हाये ना ताई हे," अनुसयाबाई आतून चहा आणत म्हणाल्या. "मंग तापाचा तक्ता नको?"

तक्त्यावर दोन हस्ताक्षरं होती. एक गोल, नर्सचं. दुसरं बापूरावांचं, उजवीकडे झुकणारं. ते तिनं कित्येक वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. लग्नाआधी त्यांनी तिला पत्र लिहिलं नव्हतं आणि लग्नानंतर तशी वेळ आली नाही, कारण ती माहेरी गेली तरी दोन दिवसांत परत यायची. आता ती उभी राहून वाचत होती. 'नाचणगावजवळ तापली. सावलीत वीस मिनिटं. मग शांत.' दुसऱ्या ओळीत, 'आज थकल्यासारखी. जबरदस्ती केली नाही.'

गेल्या पावसाळ्यात जयवंताला चिकनगुनिया झाला होता. सांधे धरले होते, भिंतीला धरून ती मोरीपर्यंत जायची. ताप किती, असं रजत रोज फोनवर विचारायचा आणि बापूराव सांगायचे, "हाये थोडासा."

तिनं चहा घेतला. त्यात वेलची होती. चांगला होता, हे तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती राकेशच्या गॅरेजवर गेली. राकेश पिपरी मेघ्याच्या चौकात दुचाक्या दुरुस्त करायचा. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. टोप तिनं नेला नव्हता. तिनं दोन्ही तळव्यांची ओंजळ पालथी करून दाखवली.

"असा एक पत्रा असते ना इंजिनावर, जुन्या स्कूटरले? तो नसला तं काय होते?"

"कायले विचारता काकू? स्कूटर तं विकली ना तुमी?"

"सांग ना तू."

राकेशनं हात पुसले. कोपऱ्यात एक जुनं इंजिन पडलं होतं, ते त्यानं पुढे ओढलं. सिलेंडरभोवतीच्या पातळ लोखंडी पाकळ्या दाखवल्या. "गरमी या पाकळ्याइत येते. मॅग्नेटवर पंखा हाये, तो हवा फेकते. पण हवा आपल्या मनानं थोडीच जाते पाकळ्याइकडं? तो टोप तिले वळवून आणते. टोप नाई तं पंखा फिरते अन् हवा जाते रस्त्यावर. तुमच्या घरी कूलर हाये ना? दोन्ही बाजूच्या वाळ्याच्या ताट्या काढून टाका अन् लावा. नुसता घरघर."

"अन् दुसरा पत्रा वाकवून लावला तं? पिप्याचा?"

"फटी राह्यतात. हवेले फट पाह्यजे. ते तिकडूनच पळते." राकेशनं इंजिन पुन्हा कोपऱ्यात लोटलं. "काही दिवस निभते तसं. मंग एखाद्या दिवशी भर धावत्या गाडीत पिस्टन पकडते. मागचं चाक तिथंच जाम. चालवणारा कुठं जाऊन पडन, सांगता येत नाई. अन् आता तं ऊन लागून राह्यलं."

जयवंता घरी आली आणि माळ्याकडे न पाहता पंख्याखाली बसली. म्हणजे तो पत्रा शोभेचा नव्हता. आणि म्हणजे दर रविवारी बापूरावांना बोरगावला पाठवत होतं ते दुसरं कुणी नाही, तिचाच हात. तिनं टोप ठेवला म्हणून गाडी तापायची. गाडी तापायची म्हणून फोन यायचा. फोन यायचा म्हणून इस्त्रीचा शर्ट पिशवीसकट दाराबाहेर पडायचा. ती बरकत घरात ठेवायला गेली आणि तिनं नवरा दाराबाहेर धाडला.

उठून पेटीमागून लुगडं ओढायचं आणि टोप बापूरावांच्या पुढ्यात ठेवायचा, एवढंच काम होतं. पण ठेवायचा म्हणजे सांगायचं. कुत्रा, चष्मा, सगळं. आणि सांगितलं तर ते तो टोप घेऊन कुठं जाणार? बोरगावला. आनंदानं. ते दृश्य तिला सोसलं नाही. त्यापुढचे आठ दिवस तिनं तसेच काढले. ऊन वाढत होतं. बुधवारी अनुसयाबाई रोहण्याला जायच्या, हे आता तिलाही पाठ होतं. त्या बुधवारी दुपारी भांडी विसळताना तिच्या मनात एकदा येऊन गेलं: पडू दे. हातातली परात तिनं खाली ठेवली. आपल्या मनात हे आलं, हे तिला कळलं, आणि ओले हात तसेच घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. संध्याकाळी बापूरावांचा फोन वाजला नाही तेव्हा तिनंच विचारलं, "आल्या का जी त्या? सुखरूप?"

"आली ना. काऊन?"

"काही नाई."

पुढच्या बुधवारी बापूराव डोळे दाखवायला सेवाग्रामला गेले. जयवंतानं माळ्यावर चढून टोप काढला, तो तसाच लुगड्यासकट कापडी पिशवीत घातला आणि ऑटोनं बोरगावला उतरली. सकाळचे आठ वाजले होते. अनुसयाबाई निघायच्या तयारीत होत्या. डोक्याला ओला रुमाल, पाण्याची बाटली हँडलला लटकवलेली.

"ताई! अकेल्याच?"

जयवंतानं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. कुत्र्याला माळ्यावर जाताना पाहिलं, भंगारात सापडला, असलंही एक होतं. पण तिनं पिशवीतून लुगडं काढलं, गाठ सोडली आणि टोप पोत्यावर ठेवला.

"हा घ्या. मीच ठेवला होता."

अनुसयाबाईंनी टोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना नवल वाटलं नाही. तेच जयवंताला पहिल्यांदा खटकलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मले माहीत होतं."

"तुमाले?"

"इखारजीनं पह्यल्याच खेपेले सांगतलं. टोप घरीच हाये म्हणे. त्या सकाळी तुमच्या अंगठ्याले काळा रंग होता."

जयवंतानं नकळत अंगठा मुठीत घेतला. "मंग मले मागितला काऊन नाई?"

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणाले, तिच्या बापाच्या घरची रीत हाये, बैल देल्ला तरी दावं ठेवतात. तिनं दाव्यासारखा ठेवला असन. ठेवू द्या. मी तुमाले दुसरा करून देतो."

जयवंता पोत्याच्या कडेला बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, दाव्याची गोष्ट तिनं बापूरावांना कधी सांगितल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी कधी पाहिलं असेल, रोहण्याच्या गोठ्यात, जावई म्हणून गेले असताना? पाहिलं होतं आणि ध्यानात ठेवलं होतं. तिच्या लबाडीला हात लावायचा नाही म्हणून पाच महिने पिप्याचा पत्रा ठोकत बसले होते. तिनं टोपाचं लुगडं ओढून मांडीवर घेतलं. आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी कडू वर आलं: हे सगळं त्यांनी या बाईला सांगितलं. घरातलं, तिच्या अंगठ्याचं, तिच्या बापाचं. या भिंतीपाशी, वेलचीचा चहा पीत.

"तुमाले राग नाई आला मायावर?"

"आला ना. खोटं कायले सांगू? त्या बाभळीखाली बसून शिव्या देल्या तुमाले. नर्सा शिव्या बम देतात." अनुसयाबाईंनी पेचकस घेतला, झाकण काढलं आणि पिप्याच्या टोपाचे स्क्रू सोडू लागल्या. "मंग रविवारची सवय झाली. निवृत्त झाल्यावर मायाशी कोणी कामाचं बोलत नव्हतं. बीपी पाहून द्या, गोळी कोणती घेऊ, तेवढंच. इखारजी प्लगचं विचारत, मी सांगो. तेवढं बरं वाटे."

त्यांनी हे इंजिनाकडे पाहून सांगितलं, जयवंताकडे नाही. जयवंता आली होती ती नेमकं असंच काहीतरी पकडायला. ते आता हाती लागलं होतं, आणि त्यावर ओरडता येईल एवढंही ते मोठं नव्हतं. तरी ते होतं. 'बरं वाटे.' तिनं तो शब्द नीट ऐकून घेतला.

"धरा इकडून," अनुसयाबाई म्हणाल्या.

जयवंतानं टोप दोन्ही हातांनी सिलेंडरवर धरला. तो आपल्या जागेवर असा बसला की कुठं दाबावं लागलं नाही. अनुसयाबाईंनी दोन्ही स्क्रू आवळले, झाकण लावलं, किक मारली. आवाज तोच होता, पण त्याखालची ती फडफड गेली होती.

"आता रोहण्यापर्यंत गेल्याबिगर काही कळत नाई," त्या म्हणाल्या. "चलता?"

नाही म्हणायला जयवंतानं तोंड उघडलं होतं. मग तिला वाटलं, आपण घरी जाऊ, आणि ही बाई एकटी जाईल, आणि गाडी तापली नाही ही खबर बापूरावांना हिच्याच तोंडून कळेल. इखारजी, आज तापली नाई जी.

"चलतो," ती म्हणाली.

मागे बसणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. फक्त पुढची पाठ वेगळी होती. देवळीचा फाटा गेला, उन्हानं डांबर चमकायला लागलं. पुलगावला अनुसयाबाईंनी गाडी कडुनिंबाखाली थांबवली आणि म्हणाल्या, "हात लावून पाहा." जयवंतानं झाकणावर तळवा टेकवला. गरम होतं, पण हात मागे घ्यावा लागला नाही. ताप उतरलेल्या माणसाच्या अंगासारखं. पुढं नाचणगावच्या वळणावर एक बाभूळ आली.

"हेच बसायचं ठिकाण मायं," अनुसयाबाई ओरडून म्हणाल्या.

"इथी देल्या शिव्या?"

"इथीच!"

जयवंता हसली. पाठमोरीला ते दिसलं नाही, म्हणून हसली.

रोहण्याच्या बसस्टँडवर त्या उतरल्या तेव्हा साडेदहा झाले होते. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. अनुसयाबाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि न उचलता जयवंताच्या हातात दिला.

"सिस्टर," बापूरावांचा आवाज आला. "घरी कुलूप दिसते आमच्या. जयवंता तिकडं आली का?"

"मी बोलून राह्यली."

पलीकडे कुलूप खडखडल्याचा आवाज. मग, "कुठं हायेस तू?"

"रोहण्याले."

"कशी गेली?"

"स्कूटरवर. टोप लावून."

त्यांच्या मागून ऑटोचा हॉर्न ऐकू आला. म्हणजे ते दारातच, उन्हात उभे होते.

"तापली का गाडी?" त्यांनी विचारलं.

जयवंता वाट पाहत होती, टोपाचं ऐकल्यावर पहिलं काय विचारतात याची. ती आवाज न चढवता म्हणाली, "गाडी नाई तापली. मी तापली हाव. टोपाचं ठाऊक होतं तं मले सांगायचं होतं तुमी. तिले कायले सांगतलं?"

"तू बी कुठं सांगतलं?"

"मी चोर होतो. चोर सांगते का? तुमी तं चोर नव्हते ना?"

अनुसयाबाई दोन पावलं दूर जाऊन उसाच्या रसाची गाडी न्याहाळू लागल्या.

"मी येऊ का तिकडं?" बापूराव म्हणाले. "बस हाये आता."

"डोळ्याचं काय झालं?"

"ते बरे हायेत. येऊ का?"

"या," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "शर्ट बदलू नोका."

बस यायला दीड वाजला. तोवर अनुसयाबाई वावरात मजुरांना कामाला लावून आल्या होत्या, जयवंता भावाच्या घरी पाणी पिऊन परत बसस्टँडवर येऊन बसली होती. टपरीच्या सावलीत स्कूटर उभी होती. धूळ उडवत बस वळली, तशी जयवंता उठली आणि स्कूटरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्या माणसाला आधी गाडी दिसू नये, इतपत आडवी. अनुसयाबाईंनी ते पाहिलं आणि त्या रुमाल झटकू लागल्या.

बापूराव एका हातानं दांडा धरून, दुखरा पाय आधी टेकवत उतरले. डोळ्यांत औषध घातलं असावं. ऊन लागत होतं, हाताचा आडोसा करून ते शोधत होते. कुणाला, हे तिला इतक्या लांबून सांगता आलं नसतं. ते सरळ तिच्यापाशी आले आणि थांबले. त्यांची नजर एकदाच, अगदी थोडी, तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"उभी काऊन? बस ना," ते म्हणाले.

"तुमी बसा आधी."

दोघं टपरीच्या बाकावर बसली. अनुसयाबाईंनी रुमाल बांधला. "मी निघतो. मजूर वाट पाहून राह्यले," त्या म्हणाल्या, "तुमी बसनं येजो दोघं." मग थोडं थांबून, "येतो, बापूभाऊ." बापूरावांनी मान वर केली. हा शब्द जयवंताला मिळाला होता, की अनुसयाबाईंनी तो परत केला होता, तिला ठरवता आलं नाही.

किक बसली. एकच. स्कूटर वावराच्या रस्त्याला लागली आणि तिचा आवाज एकसारखा, न अडखळता लांब जाऊ लागला. बापूराव ऐकत होते. त्यांची मान हलली नव्हती, पण ते ऐकत होते, शाळेच्या भिंतीपर्यंत, पुढे हापशीपर्यंत, पुढे वळणापर्यंत. जयवंताला ते बाजूला बसून स्पष्ट दिसत होतं. तिनं त्यांना ऐकू दिलं. वळणानंतर आवाज बंद झाला, तेव्हा ती बाकावर त्यांच्याकडे वळली आणि ज्या सकाळी तिनं कुत्र्याचं नाव घेतलं होतं, त्या सकाळपासून बोलायला सुरुवात केली.